कॅरेटमागे चारशे ग्रॅम

ता. रावेर, जि. जळगाव
बुधवार, २ एप्रिल २०२५

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

आधी चूक दुरुस्त करते. मागच्या पत्रात मी तपतीचं वजन पाच किलो सहाशे पन्नास लिहिलं होतं. ते चूक आहे. खरं वजन पाच किलो सातशे दहा होतं. झबल्याचे साठ ग्रॅम माझ्या हातून दोनदा वजा झाले. एकदा मोजून, आणि एकदा ते मोजलंय हे विसरून. शाळेत घालायच्या आधी तू मला पाटावर बसवून लिहायला शिकवलंस तेव्हा सांगितलं होतंस की चूक खोडायची नाही, तिच्याखाली खरं लिहायचं. तुझे जावईबापू हितेंद्र म्हणाले की साठ ग्रॅमसाठी कुणी पत्र लिहीत नाही. पण माझी चार दिवस झोप गेली होती, म्हणून लिहिलं.

वजन कुठे करतेस असं तू विचारलं होतंस. इथल्या अंगणवाडीचा काटा दुरुस्तीला गेलाय. म्हणून आमच्या केळीच्या शेडमध्ये करते, जिथे नाना केळीचे कॅरेट मोजतात. रिकाम्या कॅरेटमध्ये दुपटं अंथरते, तपतीला निजवते, आणि आलेल्या आकड्यातून कॅरेट, दुपटं आणि झबलं वजा करते. दुपटं आणि झबलं दर बुधवारी वाण्याच्या छोट्या काट्यावर नव्याने मोजते, कारण धुतल्यावर फरक पडतो. कॅरेट मात्र शेडच्या काट्यावर एकदाच मोजून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय, एक किलो सहाशे. प्लास्टिक काही बाळसं धरत नाही. आज तपती पाच किलो आठशे तीस भरली.

आता काळजीचं. तपतीला सहा महिने माझ्या दुधाशिवाय काहीही द्यायचं नाही, हे तू सांगितलंस आणि मी धरून बसलेय. जन्मल्यावर मध चाटवू दिला नाही, घुटी उगाळू दिली नाही, आणि आता चाळीसच्या पुढे ऊन गेलं तरी पाणी देऊ देत नाही. आई म्हणतात, या सुनेने घरातल्या चमच्याला काही कामच ठेवलं नाही. संध्याकाळी तपती तासभर रडते. ती रडायला लागली की आई अमळनेरच्या माहेरच्या बोलीत सुरू होतात, पोर भुकी शे, दूध पुरस नही. शेजारच्या भागाबाई कुंपणावरून विचारतात की केळीला दिवसातून दोनदा ठिबकचं पाणी, आणि नातीला थेंब नाही, हा कुठला न्याय. याचं उत्तर मला रात्री सुचतं.

आणि महिन्याअखेरीस अक्षय्य तृतीया, आपली आखाजी, येते आहे. मुलीचं उष्टावण विषम महिन्यात करतात, तपतीला आखाजीला पाचवा महिना चालू असेल, म्हणून त्याच दिवशी पुरण आणि आमरस चाटवायचा, असं आईंनी ठरवलंय. हितेंद्रांच्या वेळचं दूध पाजायचं चांदीचं बोंडलं त्या दर सोमवारी चिंचेने घासतात. ते चकाकायला लागलं की मला धडकी भरते.

परवा जेवताना यावरून इतकं झालं की नानांनी ताट बाजूला सारलं आणि सासऱ्याच्या अधिकाराने निकाल दिला. काटा सांगेल ते खरं. दर बुधवारी वजन करायचं. वजन वाढत असेल तर सुनेचं खरं, कुणी चमचा हातात घ्यायचा नाही. लागोपाठ दोन बुधवार भरलं नाही तर दुधाच्या पावडरचा डबा सुरू, आणि आखाजीला उष्टावण. आई लगेच कबूल झाल्या. मीही झाले. आता वाटतं, घाई केली का?

तपतीचा तुला पायांनी नमस्कार, कारण हात ती अजून तोंडातून काढत नाही. माझ्यावरची माया कमी होऊ देऊ नकोस.

तुझी,
दिपमाला


धुळे
सोमवार, ७ एप्रिल

चि. सौ. दिपमाला हिस,
अ. उ. आ.

पत्र शनिवारी पोचलं. साठ ग्रॅम जमा करून घेतले.

पत्रच लिहीत जा. फोन नको. मागच्या वेळी तू दूध पुरेल का, दूध पुरेल का, असं इतक्या मोठ्याने विचारलंस की माझ्या फोनवरून मला काही कळलं नाही, पण खालच्या छगन दूधवाल्याने वर येऊन अर्धा लिटर जास्तीचं ठेवलं. कानाचं मशीन शिवणाच्या डब्यात बटणांबरोबर सुखात आहे. ते लावलं की मला भिंतीपलीकडच्यांचा मिक्सर ऐकू येतो आणि समोरचा माणूस नाही.

आता तुझ्या शंका. आईचं दूध बरंचसं पाणीच असतं. तपतीची तहान त्यातच भागते, अगदी आपल्या वैशाखातसुद्धा. पाणी तू पी. ती मागेल तितक्या वेळा अंगावर घे. केळीला आई नाही म्हणून ठिबक लागतं, असं भागाबाईंना सांग. संध्याकाळी या वयाची बरीच पोरं रडतात. मी धुळ्याहून साक्रीपर्यंतच्या गावांमध्ये एकतीस वर्षं नर्स म्हणून फिरले, पोरांनी मला संध्याकाळी शांत गाव दाखवलं नाही. पोटभर मिळतंय का हे रडण्यावरून ओळखू नकोस. लंगोट मोज. दिवसभरात सहा किंवा जास्त भिजले आणि पोर हसरं असलं तर समज, पुरतंय. तुला मोजायला आवडतंच.

एक सांगते. साक्रीकडे एक बाळंतीण होती, भरपूर दूध. नणंद माहेरी आली आणि पोराकडे बघून एवढंच म्हणाली की वाळलाय गं. त्या दिवसापासून ही घाबरली, पोराला वरचं देऊ लागली, आणि वरचं जसं वाढलं तसं अंगावरचं कमी झालं. मी नणंदेला गाडीत बसवून दिलं, वरचं बंद करायला लावलं, पोराला सारखं छातीशी धरायला लावलं. आठवड्यात गाडी रुळावर. औषध काही दिलं नव्हतं. नणंद तेवढी काढली होती.

म्हणून म्हणते, तुझ्या सासूबाईंना, झुंबरबाईंना एकदा विचार की हितेंद्रच्या वेळी काय झालं होतं. ज्या बाईला दुसरीचं दूध पुरत नाही असं सारखं वाटतं, तिला कुणीतरी कधीतरी तेच सांगितलेलं असतं.

उष्टावणाचं तर सोपं आहे. पाचवा विषम, तसा सातवाही विषम. सहा महिने पूर्ण झाले की त्याच दिवशी सातवा लागतो. त्या दिवशी उष्टावण केलं तर रीतही राहिली आणि तुझा शब्दही. हे तू सांग. माझं नाव घेऊ नकोस, नाहीतर विहीणबाईंना वाटेल की मी धुळ्याहून तुमचं घर चालवते.

जावईबापूंना आशीर्वाद. तपतीच्या पायांना माझा मुका. तुझी खुशाली मला औषधासारखी लागते, वेळेवर धाडत जा.

तुझी,
लताआत्या


ता. रावेर
गुरुवार, १७ एप्रिल

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

वजन कमी झालं.

नऊ तारखेला तपती पाच किलो नऊशे तीस होती. काल पाच किलो सहाशे पन्नास भरली. मी पाच वेळा वजाबाकी केली. मग हितेंद्रांनी मोबाइलवर केली. मग नानांनी तोंडी केली. तिघांचं एकच उत्तर आलं, दोनशे ऐंशी ग्रॅम कमी. आमच्या घरात पहिल्यांदाच तिघांचं एकमत झालं, आणि ते यावर.

सगळं खरं लिहायचं म्हणून लिहिते. लंगोट काल आठ भिजले, परवा नऊ. ती हसते, पाय झाडते, नानांच्या मिशा ओढते. मला ती कुठेच वाळलेली दिसत नाही. पण मी आई आहे, माझं दिसणं खरं धरायचं की आकडा? लहानपणी बेरीज चुकली की तू म्हणायचीस, आकड्याला तुझ्याशी काही वैर नाही.

माझ्याकडून काय झालं असेल ते आठवून लिहिते, तू बघ. सोमवारी मी भरीत खाल्लं, त्यात मिरच्या जास्त होत्या. मंगळवारी अळिवाची खीर अर्धीच घेतली. शनिवारी भागाबाईंचा मला फार राग आला होता आणि त्या रागातच तपतीला पाजलं. यातलं कशामुळे दूध कमी होतं का?

आईंनी बोंडलं फडताळातून काढून देवाजवळ ठेवलं. त्याने जास्त भीती वाटली. हितेंद्र संध्याकाळी रावेरहून पावडरचा खोका घेऊन आले. मी बघितलं तेव्हा म्हणाले, आईने आणायला सांगितला, आणि आईंना म्हणाले, दिपूने नको म्हटलं नाही. दोन्ही खरं आहे, त्यामुळे त्यांना रागावताही येत नाही. खोका फडताळात वरच्या फळीवर आहे, न फोडलेला. येत्या बुधवारी वजन भरलं नाही तर फोडायचा.

सातव्या महिन्याचं मी अजून आईंना बोलले नाही. हितेंद्रांच्या वेळचंही विचारलं नाही. माझं वजनच कमी भरलेलं असताना कुठल्या तोंडाने बोलू? शेडमध्ये सोमवारपासून केळीची कटाई सुरू झाली आहे, दिवसभर माणसं असतात. त्यांच्यासमोर तपतीला कॅरेटमध्ये ठेवताना मला सगळ्यांसमोर परीक्षा दिल्यासारखं वाटलं.

लवकर लिही. तुझा धाक आणि तुझा जीव, दोन्ही मला हवेत.

दिपमाला


धुळे
रविवार, २० एप्रिल

चि. सौ. दिपमाला हिस,
अ. उ. आ.

भरीत, खीर, भागाबाई, तिघंही निर्दोष. आठ लंगोट भिजवणारी पोर उपाशी नसते. तू तिला पाणी देत नाहीस, मग ते येतं कुठून? तुझ्याकडूनच ना?

आठवड्यात पाव किलो उतरलेलं पोर मिशा ओढत नाही, मलूल पडून राहतं. तशी मी पाहिली आहेत, कुशीत घेतली आहेत. तपती तशी वाटली तर पत्र लिहीत बसू नकोस, डॉक्टरांकडे पळ. तशी नसेल तर दुसऱ्या काट्यावर वजन कर. दवाखान्यात जा, शेजारच्या गावच्या अंगणवाडीत जा, पण जा. तोवर खोका फोडू नकोस. भीतीने फोडलेला खोका हळूहळू संपतो आणि तेवढं दूध कमी होत जातं.

आकड्याला तुझ्याशी वैर नाही हे मी म्हटलं होतं. काट्याबद्दल मी काही म्हटलं नव्हतं.

हे पत्र रावेरकडे जाणाऱ्या कुणाबरोबर देता आलं तर बघते, नाहीतर टपालाने. बुधवारच्या आत मिळावं.

तुझ्या बाजूने कायमची उभी असलेली,
लताआत्या


ता. रावेर
शुक्रवार, २५ एप्रिल

श्रीमती विहीणबाई लताबाई यांना,
झुंबरबाईचा सप्रेम नमस्कार.

पत्र लिहायची मला सवय नाही. सातवीपर्यंत शाळा झाली, नंतर लिहायचं म्हणजे डब्यांवरच्या चिठ्ठ्या. अक्षराला हसू नका. इथल्या बाया माझ्या बोलण्यात शे आलं की हसतात, कागद तरी हसत नाही. तुमचं वीस तारखेचं पत्र बुधवारी संध्याकाळी आलं, आणि सूनबाईने ते स्वतःहून मला वाचून दाखवलं. तिच्याआधी मीच तुम्हाला घडलेलं कळवते, कारण ती लिहील तर सगळा दोष स्वतःवर घेईल.

बुधवारी सकाळी शेडमध्ये वजन केलं. काट्यावर आकडा आला, सूनबाईने वहीतून वजाबाकी केली, आणि पाच किलो सातशे ऐंशी म्हणाली. म्हणजे मागच्या बुधवारपेक्षा जास्त, पण नऊ तारखेपेक्षा कमीच. आमचे हे म्हणाले, वाढलं. मी म्हणाले, कुठे वाढलं, पंधरा दिवसांचं बघा. हितेंद्र म्हणाला, दोघांचं बरोबर आहे. हा मुलगा लहानपणापासून असाच शे. सूनबाई रडली नाही, पोरीला घेऊन घरात गेली. तिची पाठ बघून मला बरं वाटायला पाहिजे होतं, मी जिंकले होते ना. पण नाही वाटलं.

मग मी घरात जाऊन पावडरचा खोका काढला. आता हा द्यायचा तर यात आहे किती, म्हणून शेडमध्ये आणून काट्यावर ठेवला. वर लिहिलंय चारशे ग्रॅम. काटा दाखवतो पन्नास. मला वाटलं दुकानदाराने रिकामा खोका दिला. उघडून बघितलं तर पावडर आहे. विहीणबाई, माझी नात जाडी व्हावी म्हणून आणलेला खोका, आणि त्यालाच वजन नाही!

व्यापाऱ्याचा उखर्डू काट्यावर असतो, साठीचा माणूस. त्याला बोलावलं. म्हटलं, तुझ्या काट्याला काय झालं. तो म्हणाला, काही झालं नाही, काकू, बरोबर शे. केळीच्या फण्या तुरटीच्या पाण्यातून काढून ओल्याच मोजतात, म्हणून कटाई सुरू झाली की कॅरेटमागे चारशे ग्रॅम पाणी धरून काटा आधीच तेवढं कमी दाखवायला लावून ठेवतात. सोमवारपासून, चौदा तारखेपासून तसाच शे.

मी म्हटलं, मग माझी नात?

तो म्हणाला, तिचंही पाणी कापलं गेलं असेल.

म्हणजे बघा. पोरीला पाणी द्या, पाणी द्या म्हणून मी महिनाभर भांडले. आणि ज्या पोरीने पाण्याचा थेंब घेतला नाही, तिचं चारशे ग्रॅम पाणी आमच्याच काट्याने कापलं. मी उखर्डूला तिथेच झापलं की माझी नात काय ओली केळी शे का. तो हात जोडून म्हणाला, मला काय माहीत, काकू, मी तर फक्त कॅरेट बघतो. आमचे हे खांबामागे तोंड लपवून हसत होते. काटा सांगेल ते खरं, म्हणणारे हेच!

काटा नीट करायला लावला आणि पोरीला पुन्हा ठेवलं. सहा किलो एकशे ऐंशी. सूनबाईला सांगितलं तर ती आधी हसलीच नाही. कॅरेटही दर बुधवारी मोजलं असतं तर त्याच दिवशी कळलं असतं, माझीच चूक, असं म्हणाली. नंतर हसली ती थांबेचना. मग रडली. पोर दोन्ही वेळेला तिच्याकडे बघत होती.

आता तुमच्या सातव्या महिन्याचं. सूनबाईने तेही मला सांगितलं, तुमचं नाव न घेता. पण असं हिशेबाचं बोलणं तिचं नाही, मी लगेच ओळखलं. मला पटलं. विषम तर विषम.

आणि एक. तिने मला विचारलं की हितेंद्रच्या वेळी काय झालं होतं. आजवर कुणी विचारलं नव्हतं. तो महिन्याचा असताना माझ्या सासूबाई म्हणाल्या, हिला दूध नाही. एवढंच म्हणाल्या. शेळीचं दूध आणि घुटी सुरू केली, हेच बोंडलं. दोन महिन्यांत माझं आटलं. मी तीस वर्षं समजत होते की मलाच नव्हतं. माझं दूध कुणी मोजलं नव्हतं, लताबाई. नुसतं बोललं होतं. आणि तेच बोलणं मी माझ्या सुनेला बोलत होते, त्याच ओसरीवर बसून.

शेवटची गोष्ट तुमच्या-माझ्यात राहू द्या. मी खोका उघडला तेव्हा आतली पिशवी आधीच फाडलेली होती. फार नाही, एखाद-दोन चमचे कमी. हितेंद्रला चहासुद्धा करता येत नाही, म्हणजे त्याने नाही. मंगळवारी दुपारी मी मळ्यात गेले होते. मी काही बोलले नाही, बोलणारही नाही. काट्याने घाबरवलं तिला, आणि काट्याआधी मी. तुम्हीही तिला विचारू नका.

आखाजीला माहेरी म्हणून तिला धुळ्याला पाठवली असती, पण ऊन फार शे. झोका इथेच बांधते. तुमचा आमच्या घरावर जीव आहे, तो आता माझ्यावरही थोडा ठेवा.

आपली,
झुंबरबाई


ता. रावेर
गुरुवार, १ मे

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

आईंनी तुला काट्याचं सगळं कळवलं आहे. त्या म्हणाल्या की दोन पानं लिहिली, पण काय लिहिलं ते दाखवलं नाही. शेडमधल्या माणसांनी तपतीचं नाव ओली फणी ठेवलंय. कालच्या आखाजीला ती सहा किलो दोनशे नव्वद भरली, कॅरेट नव्याने मोजून.

आखाजी छान झाली. आईंनी निंबाला झोका बांधला आणि पहिल्यांदा स्वतःच बसल्या. खापराच्या पुरणपोळ्या, आमरस, सगळं झालं. तपतीला कुणी काही चाटवलं नाही. भागाबाई बोट रसात बुडवून पुढे आल्या तेव्हा आईंनी त्यांचा हात मधेच धरला आणि म्हणाल्या की केळीला आई नसते म्हणून ठिबक लागतं. हे त्यांना कुणी सांगितलं? तुझं ते सात तारखेचं पत्र मी तर फक्त हितेंद्रांना वाचून दाखवलं होतं.

पावडरच्या खोक्याची आईंनी खोबरं घालून बर्फी केली. नानांनी चार वड्या खाल्ल्या आणि म्हणाले, शेवटी ज्याला गरज होती त्याला मिळाली.

आता दुरुस्ती. ही साठ ग्रॅमची नाही.

तू वीस तारखेला लिहिलंस की खोका फोडू नकोस. ते पत्र मला बुधवारी संध्याकाळी मिळालं. मी खोका मंगळवारी दुपारी फोडला होता. घरात कुणी नव्हतं. दुसऱ्या दिवशी वजन होतं, आणि मला वाटलं, आज थोडं जास्त पोटात गेलं तर उद्या काटा थोडा तरी वर जाईल. पाणी उकळलं, वाटी उकळली, चमचा उकळला, सगळं नीट केलं. आणि नीट करता करताच मला कळत होतं की मी लबाडी करतेय. तपतीने एक चमचा गिळला. दुसरा माझ्या पदरावर थुंकला आणि माझ्याकडे असं बघितलं की तिला तू शिकवलं असावंस. मी उरलेलं मोरीत ओतलं आणि वाटी तीनदा घासली.

म्हणजे इतके दिवस मी आईंवर डोळा ठेवून होते. त्या पाण्याचा चमचा देतील, घुटीचं बोट देतील, म्हणून अंघोळीलाही घाईने जाऊन येत होते. त्यांनी पाच महिन्यांत एकदाही काही दिलं नाही, सगळं तोंडावर बोलून दाखवलं. चोरून जे दिलं ते मी दिलं.

वहीत मी रोज 'फक्त आईचं दूध' या रकान्यात खूण करते. बावीस एप्रिलची जागा रिकामी आहे. त्या एका चमच्याने सगळं मोडलं का, दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायचे का, हे तुला विचारणार होते. पण तू काय म्हणशील ते मला ऐकू आलं, आणि तुझं मशीन तर डब्यात आहे. तू म्हणशील, खोडू नकोस, खाली खरं लिही आणि पुढे चल. तसं लिहिलं आहे, 'एक चमचा, माझ्या हाताने, भीतीने.' पुढचे सगळे दिवस भरले आहेत.

आईंना अजून सांगितलं नाही. खोका रिकामा करताना त्या काही बोलल्या नाहीत, म्हणजे त्यांना कळलं नसावं. त्या मला आता फार जपतात, त्यामुळे मला जास्त वाईट वाटतं. काल झोक्यावर त्या मला म्हणाल्या की तुझ्यावर माझा डोळे झाकून विश्वास आहे. माझ्या हातातली पोळी तशीच राहिली.

उष्टावणाची तारीख ठरवली. आधी मी एकशे ऐंशी दिवस मोजले होते, ते दोन जूनला भरतात. पण महिन्याने मोजलं तर सहा महिने चार जूनला पूर्ण होतात आणि त्याच दिवशी सातवा लागतो. आईंना विचारलं, तर म्हणाल्या, जे उशिराचं असेल ते धर. हे आई म्हणाल्या, आत्या!

तू ये. मशीन लावून ये, कारण मला ओरडून सांगता येण्यासारखं ते नाही. वरणभाताचा पहिला घास तपतीला आईंनी बोंडल्याने भरवायचा, असं मी त्यांना सांगितलंय. त्यांनी ते पुन्हा चिंचेने घासलं. पण बोंडलं त्यांच्या हातात देण्याआधी मी त्यांना त्या मंगळवारचं सांगणार आहे. त्यांनी नंतर तो घास स्वतः भरवायला नको म्हटलं, तरी चालेल.

माझ्यावर रागाव, पण मायेला सुट्टी देऊ नकोस.

ठरलं. बुधवार, चार जून, सकाळी, वजन करायच्या आधी.

तुझी,
दिपमाला